उतरवण्याची गोष्ट : ॲक्रिलिक नखे आणि वेशांतराच्या समीक्षेतील एक रिकामी जागा

प्रास्ताविक

मराठीत सोंग आणतात, सोंग घेतात, सोंग काढतात, सोंग वठवतात. या सर्व क्रियापदांचा रोख सोंग चढवण्याकडे आहे. ते उतरवण्यासाठी तितका रुळलेला वाक्प्रचार सहजासहजी सापडत नाही. सापडतो तो 'सोंग उघडे पडणे' हा. आणि त्यात उघडे पाडणारा सोंगाड्या स्वतः नसतो, दुसराच कोणी तरी असतो. भाषेतील ही उणीव किरकोळ वाटेल. परंतु पुरुषाने स्त्रीवेश धारण करण्याविषयी जी नाट्यसमीक्षा, चित्रपटसमीक्षा आणि लिंगभावविषयक सैद्धान्तिक मांडणी झाली आहे, तिचाही कल असाच आहे. वेश कसा चढतो, तो प्रेक्षकाला कसा फसवतो, फसवता फसवता स्त्री-पुरुष भेदाविषयी काय सांगतो, याची चर्चा विपुल आहे. वेश उतरवला कसा जातो, किती वेळात, कोणाच्या हातांनी, आणि उतरल्यावर अंगावर काय उरते, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अगदी लहान वस्तूच्या आधारे केला आहे : ॲक्रिलिकची कृत्रिम नखे. विग क्षणात निघतो, साडी वा झगा मिनिटात उतरतो, ओठांचा रंग कापसाच्या बोळ्याने पुसला जातो. ॲक्रिलिक नख असे निघत नाही. ते ना पूर्णपणे वेशात मोडते ना पूर्णपणे देहात. या मधल्या जागेमुळेच ते वेशांतराविषयीच्या प्रचलित समजुतींची परीक्षा घेऊ शकते.

येथे 'क्रॉसड्रेसर' हा शब्द मर्यादित अर्थाने वापरला आहे. स्वतःला पुरुष मानणारा, बहुधा पुरुष म्हणूनच नोकरी-संसार करणारा, परंतु काही काळ स्त्रीवेशात राहण्याची गरज असणारा मनुष्य, असा तो अर्थ. तृतीयपंथी समाज किंवा पारलिंगी व्यक्ती यांचा प्रश्न वेगळा आहे. मराठी वृत्तपत्री लेखनात या सर्वांना एकाच पिशवीत कोंबण्याची जी सवय आहे, तिने कोणाचेच भले झालेले नाही.

नखाचे द्रव्य

ॲक्रिलिक नखाचा जन्म दंतवैद्यकाच्या शेजारी झाला. १९५० च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने आपले मोडलेले नख दातांच्या कामात वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकने सांधले, अशी त्याची कथा सांगितली जाते. आजची पद्धतही मुळात तीच आहे. एका वाटीत मोनोमर हा उग्र वासाचा द्रव, दुसऱ्या वाटीत पॉलिमरची बारीक भुकटी. ओला कुंचला भुकटीत बुडवला की त्याच्या टोकावर मण्याएवढा गोळा तयार होतो. तो नखावर ठेवून पसरवायचा. काही मिनिटांत तो हवेतच कडक होतो. त्याआधी मूळ नखाचा तुकतुकीत थर घासून खरबरीत करावा लागतो, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर ॲक्रिलिक धरत नाही. लांबी हवी असेल तर प्लॅस्टिकचे टोक चिकटवतात किंवा नखाखाली कागदी साचा धरून त्यावर ॲक्रिलिक ओढतात. म्हणजे या प्रसाधनाची सुरुवातच स्वतःच्या नखाचा थोडा भाग गमावण्याने होते. साडी नेसण्यासाठी कोणी कातडी घासत नाही.

काढण्याची रीत याहून अधिक बोलकी आहे. वरचा थर घासून पातळ करायचा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवायचा, वरून ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळायचा आणि वीस मिनिटे, अर्धा तास बसून राहायचे. ॲक्रिलिक मऊ पडून सुटू लागले की ते लाकडी काडीने हळूहळू खरवडायचे. ज्याला धीर नाही तो कडेखाली काही तरी घालून ते उपटतो, आणि ॲक्रिलिकबरोबर खऱ्या नखाचे थरही निघून येतात. ॲक्रिलिक आणि नख यांच्यामधल्या फटीत ओल साचलेली असेल, तर जिवाणूंमुळे आलेला हिरवट डागही याच वेळी उघडा पडतो. जुन्या काळी वापरल्या जाणाऱ्या मिथाइल मेथाक्रिलेट या द्रव्याची नखे तर ॲसिटोनलाही सहजी दाद देत नसत. नखांना व त्वचेला इजा होत असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकात त्याविरुद्ध कारवाई केली आणि त्याची जागा पुढे इथाइल मेथाक्रिलेटने घेतली.

हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे नख यायला साधारण सहा महिने लागतात. तोवर घासलेले, पातळ झालेले, पटकन दुमडणारे नख बोटावर राहते. वेश एका रात्रीचा असला तरी त्याची खूण सहा महिन्यांची असू शकते.

हा हिशोब स्त्रियांनाही चुकलेला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. परंतु स्त्रीला नखे उतरवण्याची घाई नसते. दोन-तीन आठवड्यांनी मुळाशी वाढलेली फट भरून घेतली की तीच नखे पुढे चालतात. क्रॉसड्रेसरला सोमवार असतो.

सोमवारचा प्रश्न

या सोमवारचा इतिहास पाहण्यासाठी अमेरिकेतील एका ठिकाणाकडे वळणे उपयुक्त ठरेल. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंत न्यूयॉर्क राज्याच्या कॅट्सकिल डोंगरभागात सुझाना व्हॅलेंटी आणि त्यांची पत्नी मारी यांनी चालवलेल्या विश्रामस्थळी क्रॉसड्रेसर पुरुष शनिवार-रविवार घालवण्यास येत. 'कासा सुझाना' या नावाने ते ओळखले जाते. मारी यांचे न्यूयॉर्क शहरात विगचे दुकान होते, ही बाब योगायोगाची नाही. त्या काळच्या क्रॉसड्रेसरचे मुख्य साधन विग हेच होते, आणि विगचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो रविवारी संध्याकाळी पेटीत जातो.

याच वर्तुळाशी संबंधित व्हर्जिनिया प्रिन्स यांनी १९६० मध्ये 'ट्रान्सव्हेस्टिया' हे नियतकालिक सुरू केले. त्याचा वाचकवर्ग बहुतांशी विवाहित, नोकरदार पुरुषांचा होता. स्वतः प्रिन्स १९६८ पासून कायमच्या स्त्री म्हणून राहू लागल्या. त्यांच्या वाचकांपैकी अनेकांना मात्र ते शक्य नव्हते, आणि काहींना तशी इच्छाही नव्हती. कायद्याचेही भय होतेच. न्यूयॉर्क राज्यात १८४५ चा एक कायदा होता. खंडाविरुद्ध बंड केलेल्या, वेश पालटून सरकारी माणसांना अडवणाऱ्या शेतकऱ्यांना आवर घालण्यासाठी तो झाला होता. चेहरा रंगवून वा झाकून सार्वजनिक ठिकाणी वावरणे त्याने गुन्हा ठरवले. पुढे विसाव्या शतकात तोच कायदा स्त्रीवेशातील पुरुषांवर चालवला गेला. शेतकऱ्याच्या सोंगासाठी बांधलेला फास दुसऱ्याच सोंगाच्या गळ्यात पडला.

कासा सुझानाची छायाचित्रे पुढे न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात सापडली आणि २००५ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. २०१४ मध्ये हार्वी फायरस्टीन यांचे 'कासा व्हॅलेंटिना' हे नाटक रंगमंचावर आले, तर २०२२ मध्ये सेबास्तियाँ लिफशित्झ यांचा माहितीपट. या छायाचित्रांवर जे लिहिले गेले त्यात सर्वाधिक भर आहे तो त्यांतील साधेपणावर : भडक नाटकीपणा नाही, शेजारच्या घरातील गृहिणीसारखे कपडे, बागेत वा बैठकीच्या खोलीत घेतलेल्या सहज मुद्रा. हे निरीक्षण योग्यच आहे. मात्र ही छायाचित्रे सजलेल्या अवस्थेची आहेत. विग पेटीत ठेवताना, भुवईवरचा रंग पूर्ण गेला की नाही हे आरशात पुन्हा पुन्हा तपासताना कोणी छायाचित्र काढून घेत नाही. जी क्रिया त्या माणसाला परत घरी, बँकेत, वर्गात पोहोचवते, ती दस्तऐवजात येत नाही. आणि समीक्षा दस्तऐवजामागून चालते.

ॲक्रिलिक नखांनी हा सोमवारचा प्रश्न अधिक अवघड केला. ती कासा सुझानाच्या पिढीनंतर, अमेरिकेत नेल सलूनचा व्यवसाय पसरल्यावर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. त्या पसरण्यामागेही विस्थापनाची कथा आहे. १९७५ मध्ये सायगावच्या पाडावानंतर कॅलिफोर्नियातील वायमर येथील छावणीत आलेल्या व्हिएतनामी निर्वासित स्त्रियांना अभिनेत्री टिपी हेड्रन यांची नखे आवडली. त्यांनी आपल्या नखे करणाऱ्या बाईंना तेथे आणून वीस स्त्रियांना ते काम शिकवण्याची व्यवस्था केली. आज अमेरिकेतील नेल सलूनच्या धंद्यात व्हिएतनामी वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे क्रॉसड्रेसर पुरुष सलूनमध्ये जाऊन टेबलावर हात ठेवतो तेव्हा समोर बहुधा अशीच एक स्थलांतरित बाई असते. विग दुकानातून आणून घरी दार लावून चढवता येतो. नखासाठी स्वतःचा हात दुसऱ्याच्या हातात तासभर द्यावा लागतो, रस्त्यावरून दिसणाऱ्या काचेच्या आत, इतर गिऱ्हाइकांच्या शेजारी. तयार टोकांच्या पेटीतील सर्वांत रुंद माप शोधावे लागते. 'कितपत लांब?' या प्रश्नाला मोठ्याने उत्तर द्यावे लागते.

या टेबलावर एक निमित्त मात्र चालून जाते, आणि समीक्षेच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. बोटांनी तार छेडणारे गिटारवादक उजव्या हाताला ॲक्रिलिक नखे बसवून घेतात. खरे नख तारेवर झिजते, तुटते. तेच द्रव्य, तोच कुंचला, तीच बाई. एका हाताला बसवले तर ते वाद्याचे साधन होते, दोन्ही हातांना बसवले तर स्त्रीत्वाची खूण. म्हणजे खूण नखात नसून डाव्या हातात आहे, असे म्हणावे लागेल. चिन्हमीमांसेच्या वर्गात यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पण निमित्त सांगणाऱ्यासाठी ते उदाहरण नसते. डावा हात खिशात ठेवायचा की टेबलावर, हा त्याचा प्रश्न असतो.

विनोदाची घाई

स्त्रीवेशातील पुरुषाचे लोकप्रिय चित्रण प्रहसनाने केले आहे, आणि प्रहसनाला घाई असते. बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट' (१९५९) मध्ये शेवटी जॅक लेमन होडीत बसल्या बसल्या विग ओढून काढतो. सिडनी पोलॅकच्या 'टुट्सी' (१९८२) मध्ये डस्टिन हॉफमनचे पात्र दूरदर्शन मालिकेच्या थेट प्रक्षेपणातच विग काढते. ख्रिस कोलंबसच्या 'मिसेस डाउटफायर' (१९९३) मध्ये मुखवटा खिडकीतून रस्त्यावर पडतो आणि त्यावरून ट्रक जातो. या चित्रपटाला रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. रॉबिन विल्यम्स यांना ती रंगभूषा चढवण्यास रोज तासन्तास लागत. कथेत मात्र नायक उपाहारगृहाच्या प्रसाधनगृहात मिनिटामिनिटाला पुरुषाचा स्त्री आणि स्त्रीचा पुरुष होतो. चित्रीकरणातले तास कथेने मिनिटांत गुंडाळले, आणि त्या गुंडाळण्यातूनच विनोद निर्माण झाला.

मराठी प्रेक्षक या घाईशी चांगलाच परिचित आहे. 'चार्लीज आन्ट' या इंग्रजी प्रहसनावरून आचार्य अत्रे यांनी बेतलेले 'मोरूची मावशी' विजय चव्हाण यांच्या मावशीमुळे घराघरात पोचले. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधील लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आणि सचिन यांची सुधा आजही लोकांना पाठ आहेत. या कलाकृतींचा आनंद नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या प्रेक्षकाशी एक अलिखित करार करतात : वेश नाइलाजाने घेतला आहे, घर भाड्याने मिळावे म्हणून घेतला आहे, आणि काम झाले की तो झटक्यात निघेल, आत सगळे जसेच्या तसे असेल. हसण्याची मुभा या करारावर मिळते. आता या नायकांच्या बोटांवर ॲक्रिलिक नखे आहेत अशी कल्पना केली, तर शेवटचा प्रवेशच कोसळतो. विग फेकून दिलेला नायक प्रेयसीसमोर उभा आहे आणि त्याला अजून अर्धा तास ॲसिटोनमध्ये बोटे बुडवून बसायचे आहे. तेवढ्या वेळात प्रेक्षकाला विचार करायला सवड मिळेल, आणि प्रहसनाला परवडत नाही ती नेमकी हीच गोष्ट.

सिद्धान्ताचे कपाट

गंभीर अभ्यासाने ही कसर भरून काढली का? मानववंशशास्त्रज्ञ एस्थर न्यूटन यांच्या 'मदर कॅम्प' (१९७२) या ग्रंथाने अमेरिकेतील स्त्रीभूमिका करणाऱ्या व्यावसायिक पुरुषांचा पहिला साक्षेपी अभ्यास केला. रंगमंचापुरता वेश ठेवणारे आणि रस्त्यावरही त्याचे अंश अंगावर बाळगणारे असा भेद त्यांनी नोंदवला आहे, आणि पहिल्या गटाकडून दुसऱ्याला मिळणारी हेटाळणीही. विग रंगमंचावरचा, पण कोरलेल्या भुवया, वाढवलेले केस रस्त्यावरही सोबत येतात. नखाचा प्रश्न या दुसऱ्या यादीतला आहे. न्यूटन यांच्या निरीक्षणात त्याचे बीज आहे, परंतु त्यांचा विषय व्यावसायिक कलावंत असल्याने घरी परतणारा क्रॉसड्रेसर त्यांच्या चौकटीबाहेर राहिला.

ज्युडिथ बटलर यांच्या 'जेंडर ट्रबल' (१९९०) ने ड्रॅगला सिद्धान्तात मानाचे स्थान दिले. त्याचे जे सोपे वाचन महाविद्यालयीन वर्गांतून पसरले, ते असे : लिंगभाव हा अभिनय आहे, म्हणून तो निवडता येतो. बटलर यांनी 'बॉडीज दॅट मॅटर' (१९९३) मध्ये या गैरसमजाचा समाचार घेतला. सकाळी कपाट उघडून लिंगभाव निवडावा, दिवसभर घालावा आणि रात्री परत जागेवर ठेवावा, असे आपण म्हटलेले नाही, असा त्यांच्या खुलाशाचा आशय आहे. खुलासा बिनतोड आहे. तथापि त्यात एक गंमत राहून गेली आहे. रात्री परत जागेवर ठेवणे ही जी गोष्ट बटलर यांनी अशक्य कल्पना म्हणून दाखवली, तीच करण्यासाठी क्रॉसड्रेसर प्रत्यक्षात धडपडत असतो. त्याच्या घरी खरोखरचे कपाट आहे, त्याला खरोखरचे कुलूप आहे. सिद्धान्ताने कपाटाचे रूपक निकालात काढले आणि त्याबरोबर कपाटासमोर उभा असलेला माणूसही दृष्टीआड झाला. त्याच्यापाशी स्वैर निवड नाही, तसा निव्वळ साचाही नाही; त्याच्यापाशी रविवारची संध्याकाळ, ॲसिटोनची बाटली आणि पातळ झालेली दहा नखे आहेत. शिवाय हे काम तो बहुधा स्वतःच करतो. बसवण्यासाठी सलूनमध्ये जाण्याचे धैर्य एकदा गोळा होते. उतरवण्यासाठी ते आठवड्यात दुसऱ्यांदा गोळा करावे लागते. म्हणून नखे उपटली जातात. नखांना होणारी इजा द्रव्यामुळे जितकी होते, त्याहून अधिक या घाईमुळे आणि एकटेपणामुळे होते.

न उतरणारे

मराठी रंगभूमीच्या इतिहासात ॲक्रिलिक नाही, पण न उतरणाऱ्या खुणेचा प्रश्न मात्र आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचा साज रंगपटात उतरत असे. मिशी नसलेला ओठ उतरत नसे. वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ मानणाऱ्या समाजात तो ओठ घेऊन त्याला भरदिवसा रस्त्याने जावे लागे. बालगंधर्वांच्या भामिनीचे, रुक्मिणीचे, सिंधूचे कौतुक करताना आपली समीक्षा पुण्या-मुंबईच्या स्त्रिया त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, केस बांधू लागल्या, हे अभिमानाने सांगते. म्हणजे वेश त्यांच्या अंगावरून स्त्रियांच्या अंगावर गेला, याची नोंद आहे. रंगपटात पडदा पडल्यानंतर नारायण श्रीपाद राजहंस किती वेळात परतत, याची नोंद घ्यावी असे फारसे कोणाला वाटले नाही. 'धर्मात्मा' (१९३५) मध्ये ते पडद्यावर एकनाथ म्हणून आले. त्या भूमिकेतील त्यांच्या हालचाली समीक्षकांनी या अंगाने पाहण्याजोग्या आहेत.

बालगंधर्वांना प्रतिष्ठेने वाचवले. तमाशातल्या नाच्याला ते कवच नव्हते. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिका अजोड केलेल्या गणपत पाटील यांना पडद्यावरचा नाच्या पडद्याबाहेरही चिकटून राहिला. त्यांचा संसार होता, मुलेबाळे होती. तरीही भूमिका म्हणजेच माणूस हे लोकांनी ठरवून टाकले, आणि त्याचे चटके त्यांच्या घराला बसले. येथे खूण नखावर वा ओठावर नव्हती, पाहणाऱ्याच्या डोळ्यात होती. तिच्यावर ॲसिटोन चालत नाही.

आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीने आणि तिच्यावरील रवी जाधव यांच्या चित्रपटाने (२०१०) हा विषय समोरून घेतला. म्हणूनच त्याची तुलना उपरोक्त प्रहसनांशी करणे उद्बोधक ठरते. गुणा कागलकर हा कुस्तीने घडवलेल्या शरीराचा गडी. फडाला नाच्या मिळत नाही, म्हणून तो स्वतः नाच्या होतो. आणि त्यासाठी त्याला साडीच्या आधी शरीर उतरवावे लागते. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी पहिलवानाचे शरीर कमावले आणि मग ते घटवले, हे सर्वश्रुत आहे. चित्रपटाची ताकद त्या घटण्यात आहे : वेश चढतो तेव्हा काही तरी कायमचे जाते, हे येथे डोळ्यांना दिसते. ॲक्रिलिकखाली घासल्या गेलेल्या नखासारखेच. पुढे चाल, मान, हात फडाबाहेरही तसेच राहतात. गावकरी, घरचे तोंड फिरवतात. पुरुषांचा जमाव त्याच्यावर अत्याचार करतो. हॉलीवूडच्या नायकाला विग ओढून काढल्यावर प्रेयसी परत मिळते. गुणाला ओढून काढण्यासारखे काहीच उरत नाही.

तरीही 'नटरंग' शेवटी डगमगतो. वृद्ध गुणाला जीवनगौरव पुरस्कार मिळतो, सभागृह उभे राहते, आणि सोसलेले सारे कलेच्या खात्यावर जमा होते. कलेसाठी सोसले म्हणून ते सन्माननीय, असा हा हिशोब आहे. ज्याच्यापाशी कला नाही, फड नाही, ढोलकी नाही, केवळ गरज आहे, त्याच्यासाठी या हिशोबात रकाना नाही. क्रॉसड्रेसर नेमका तेथे बसलेला असतो : कोणाच्याही टाळीसाठी नव्हे, स्वतःच्या हाताकडे दोन दिवस पाहता यावे म्हणून नखे बसवून घेतलेला, आणि आता दिव्याखाली एकेका बोटावरचा कागद सोडवून खाली काय उरले आहे ते बघणारा.